हाळी दिली की येणारी होडी



आजची नोंद. खारबावच्या तुकड्यात भात कापल्यावर ओलीवर वाल टाकला होता, त्याला शेंगा भरल्यात. पाणी एकदाही दिलं नाही. मावा यंदा कमी आहे. पहिली खुडणी झाली. नारपोलीत राहून शेती करतो म्हटलं की लोक हसतात, कारण इकडं आता यंत्रमाग आणि गोदामंच दिसतात. पण वाल अजून येतो, बघा.

वालावर नंतर लिहीन. आज त्या वालाची गोणी बहिणीच्या घरी पोचवताना काय झालं, ते लिहितो.

माझी धाकटी बहीण पांजू बेटावर दिलेली आहे. नायगाव आणि भाईंदरच्या मधे, वसईच्या खाडीत हे बेट आहे. लोकलमधून जाताना पुलावरून दिसतं. आमच्या काशेली-काल्हेरला लागून जी उल्हास नदी जाते, तीच पुढं वसईची खाडी होते. म्हणजे पाणी एकच, पण मला तिच्या दारात पोचायला अर्धा दिवस लागतो. खारबावला दिवा-वसई गाडी धरायची. या मार्गावर दिवसाला मोजक्याच गाड्या, एक चुकली की तासन्‌तास बसून राहा. जूचंद्रला उतरायचं, शेअर रिक्षानं नायगाव, मग किनारा, मग होडी.

त्या दिवशी गाडी उशिरा आली. रिक्षावाला चौथी सवारी मिळेपर्यंत हलला नाही. मी किनाऱ्यावर पोचलो तेव्हा अंधार पडला होता आणि शेवटची होडी पलीकडं लागली होती. बहिणीला फोन लावला. ती म्हणाली, "दादूस, होरी गेली. आता कवा येशील?" पलीकडचे दिवे दिसत होते. गोणी खांद्यावर तशीच. परत फिरलो, घरी पोचायला अकरा वाजले. सकाळपर्यंत शेंगा मऊ पडल्या. चारदोनशे रुपयांचा माल, त्याचं काय एवढं.

पण बहिणीचं ऐका. तिच्या सुनेला रात्री दोन वाजता कळा सुरू झाल्या. नावाड्याला घरी जाऊन उठवलं. भला माणूस, लगेच आला, पैसे घेतले नाहीत. पलीकडं गाडी मिळाली, बाळ-बाळंतीण सुखरूप. मात्र तो त्या रात्री गावाला गेला असता तर? तो आता थकलाय, आणि त्याचा मुलगा गोदामात बारा तासांच्या ड्युटीला जातो. पुढच्या वेळी कोण उठणार, हे बहिणीला माहीत नाही. मलाही नाही.

मंडळी, हे उपकारावर चाललंय. चांगल्या माणसाच्या भरवशावर गावाचा रस्ता ठेवता येत नाही.

माझे आजोबा सांगायचे, त्यांच्या काळात खाडी ओलांडायला तर होती. काठावर उभं राहून हाळी द्यायची की तरवाला होडी घेऊन यायचा. दर खेपेला पैसे कुणी देत नव्हतं. सुगीत खळ्यावर त्याच्या वाट्याचं भात घराघरातून मोजून दिलं जायचं. कुणी वर्षात दहादा गेला, कुणी एकदाच, तरी भात सगळे द्यायचे. लहानपणी मला ते नवल वाटायचं. आता कळतं, ते भात खेपेचं नव्हतंच. तो काठावर थांबून राहायचा, त्याचं होतं.

माझा मुद्दा एवढाच आहे. बोलावल्यावर येणारी होडी किंवा गाडी पाहिजे असेल, तर तिच्या थांबण्याचे पैसे कुणीतरी दिले पाहिजेत. नुसत्या तिकिटावर ती चालणार नाही. शेअर रिक्षा तिकिटावर चालते, म्हणून ती भरल्याशिवाय सुटत नाही. त्या रिक्षावाल्याची चूक नाही, गॅस आणि हप्ता त्यालाच भरायचाय. अंजूरफाट्याला माणसं भरपूर, तिथं रिक्षा दर मिनिटाला मिळते. खाडीकाठच्या आडवळणी गावात रात्री एकच पेशंट असतो, तिथं मिळत नाही. गर्दी बघून धावणारी गाडी वेगळी आणि गरज बघून धावणारी वेगळी.

आणि हे सरकारला कळत नाही असं नाही. १०८ ची रुग्णवाहिका बघा. २०१४ पासून महाराष्ट्रात आहे. फोन केला की येते, पैसे मागत नाही. दिवसभर कुणी फोन केला नाही तरी ड्रायव्हर आणि डॉक्टरचा पगार चालू राहतो. तिथं आपण थांबण्याचेच पैसे देतो, आणि कुणी त्याला उधळपट्टी म्हणत नाही. पण ती गाडी खाडीच्या अलीकडं उभी राहते. मधलं पाणी कोण पार करून देणार?

एसटीनं ७५ वर्षांवरच्यांना २०२२ पासून प्रवास फुकट केला, बायांना २०२३ पासून अर्धं तिकीट. चांगलं केलं, माझी आईही त्यातून फिरली. "हात दाखवा, एसटी थांबवा" हेही आपण वर्षानुवर्षं ऐकतोय. पण हात दाखवायला आधी रस्त्यावर एसटी तर यायला पाहिजे. जिथं गाडीच येत नाही, तिथं अर्ध्या तिकिटाचा काय उपयोग?

मोठी कामं चालू आहेत, ती व्हावीत. ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रो ५ चे खांब आमच्या डोळ्यासमोर उभे राहिले. २०१६ च्या कायद्यानं आपली खाडी आणि उल्हास नदी राष्ट्रीय जलमार्ग ५३ मधे आली, काल्हेर आणि अंजूर-दिव्याच्या जेट्टीची नावं आराखड्यात आहेत. वसई-भाईंदर रो-रो २०२४ ला सुरू झाली. माणसं, मोटारी सगळं पार जातं. पण मेट्रो काल्हेरला थांबेल, माझ्या खारबावच्या बांधावर नाही. रो-रो तिच्या जेट्टीला लागेल, बहिणीच्या दारात नाही. शेवटचे दोन कोस कसे जायचे, ते कुणीच सांगत नाही.

आता कुणी म्हणेल, काका, यासाठी ॲप काढा. माझ्या पोरानं मोबाईलवर दाखवलं, फिनलंडच्या हेलसिंकी शहरात २०१२ ला अशी सेवा काढली होती. कुत्सुप्लस तिचं नाव. मोबाईलवर बोलवायची, छोटी बस येणार, वाटेत इतर लोक घेणार. लोकांना आवडली. तरी २०१५ च्या शेवटी बंद केली, कारण गाड्या थोड्या आणि नगरपालिकेला खर्च जास्त. म्हणजे ॲपनं गाडी बोलावता येते, ड्रायव्हरचा पगार आणि डिझेल त्यातून निघत नाही. आपल्याला कॉम्प्युटर नको. फोन आणि वही पुरे. माझ्या बहिणीला बटणाचा फोन चालवता येतो, तेवढ्यात काम झालं पाहिजे.

गोव्यात दिवाडी आणि चोडण ही बेटं आहेत. तिथं सरकारचं नदी परिवहन खातं फेरीबोट चालवतं आणि पायी माणसाकडून तिकीट घेत नाही. जसा रस्ता फुकट, तशी होडी. त्यांना जमतं, तर आपल्याला विचार करायला काय हरकत आहे?

मी काय मागतो ते सरळ लिहितो.

१. वेळेवरच्या होड्या आहेत तशा राहू द्या. त्याशिवाय रात्रीसाठी एक नावाडी नेमा आणि त्याला महिन्याचं ठरावीक मानधन द्या, खेप होवो न होवो.

२. एकच नंबर ठेवा. दवाखाना, बाजार, परीक्षा असेल तर आदल्या संध्याकाळी सांगायचं. अडचण असेल तर कधीही.

३. होडी आणि रिक्षा जोडून द्या. होडी लागल्यावर किनाऱ्यावर एक रिक्षा उभी पाहिजे. तिलाही थांबण्याचे पैसे. रिक्षावाल्यांच्या पोटावर पाय नको, त्यांनाच हे काम द्या.

४. प्रत्येकाला लाइफ जॅकेट. यात तडजोड नाही.

५. खाडीकाठच्या भिवंडीच्या गावांनाही अशी एक छोटी गाडी द्या, स्टेशनपासून गावापर्यंत.

गैरवापर होईल, असं एक जण म्हणाला. होईल थोडा. कुणी पाहुणा उगाच रात्री होडी बोलवेल. त्याला जास्त भाडं लावा. एकट्या पाहुण्यासाठी बाळंतिणीची होडी बंद ठेवायची का?

पैसा कुठून आणायचा, हाही प्रश्न खरा आहे. सगळा भार एका छोट्या गावावर टाकू नका. ग्रामपंचायतीनं थोडं, जिल्हा परिषदेनं जास्त, आणि लोकांनी तिकीट द्यावं. आम्ही नारपोलीवाले महापालिकेत, आम्हाला ग्रामसभा नाही. पण खाडीकाठच्या ज्या मंडळींना आहे, त्यांनी पुढच्या ग्रामसभेत हा विषय लेखी द्यावा. तोंडी सांगितलेलं वहीत उतरत नाही, हा माझा अनुभव आहे. आणि ठरावात "होडी पाहिजे" एवढंच लिहू नका. "नावाड्याला थांबण्याचं मानधन पाहिजे" असं लिहा. होडी एकदा मिळते, मानधन दर महिन्याला लागतं.

तुमच्या गावात असं काही चालू असेल तर खाली लिहा, कोण पैसे देतं तेही लिहा.

दुसरी खुडणी चार दिवसांनी आहे. यावेळी सकाळची गाडी धरतो. बहिणीनं पोपटीसाठी मडकं काढून ठेवलंय.