न उगवलेला दिवस चालतो!

गेल्या जयंतीच्या तयारीची गोष्ट. आमच्या वस्तीतील विहारात पोरे कॉम्प्युटर घेऊन बसली होती. महत्त्वाच्या तारखा एक्सेलमध्ये भरायच्या आणि कोणाची यंदा कितवी जयंती, ते मशिनकडूनच काढून घ्यायचे, असा बेत. आमचा जन्म कारकुनीत गेलेला, म्हणून तपासायला आम्हाला बसवले.

महाडचा सत्याग्रह, २० मार्च १९२७. धम्मदीक्षा, १४ ऑक्टोबर १९५६. या तारखा रकान्यात उजव्या कडेला शिस्तीत जाऊन बसल्या. पण जोतीराव फुले, ११ एप्रिल १८२७; सावित्रीबाई, ३ जानेवारी १८३१; शाहू महाराज, २६ जून १८७४; आणि खुद्द बाबासाहेब, १४ एप्रिल १८९१, हे सगळे डाव्या कडेला! वजाबाकी करायला गेले की चुकीचा शेरा. एक पोरगा कळवळून म्हणाला, "काका, बाबासाहेबांची तारीख हा मानतच नाही!"

आम्ही दोन रात्री या गोष्टीच्या मागे लागलो. उलगडा झाला तो असा. एक्सेल तारीख म्हणून तारीख ठेवतच नाही, ते दिवस मोजते. १ जानेवारी १९०० हा पहिला दिवस, २ जानेवारी हा दुसरा. त्या हिशेबाने धम्मदीक्षेचा दिवस २०,७४२ वा. पुढची हद्द ३१ डिसेंबर ९९९९. मागे मात्र १९०० च्या आधी काही नाही. तिथली तारीख दिली की ती नुसती अक्षरे समजून डावीकडे ढकलायची.

गंमत पुढेच आहे. १९०० हे लीप वर्ष नव्हते. शंभराने भाग जाणारे वर्ष चारशेनेही भागले गेले तरच लीप, म्हणून २००० होते, १९०० नव्हते. पण एक्सेलमध्ये २९ फेब्रुवारी १९०० लिहून पाहा, मुकाट्याने घेते! त्याच्या आधीच्या लोटस वन-टू-थ्री या प्रोग्रॅममध्ये ही चूक होती. तिकडच्या फायली इकडे जुळाव्यात म्हणून मायक्रोसॉफ्टने ती जाणूनबुजून ठेवली. म्हणजे जो दिवस जगात उगवलाच नाही तो मान्य, आणि १४ एप्रिल १८९१ अमान्य!

अशा हद्दी ठिकठिकाणी आहेत. एसक्यूएल सर्व्हरच्या जुन्या पद्धतीच्या तारखा १७५३ पासून सुरू होतात, कारण इंग्लंडने १७५२ साली कॅलेंडर बदलताना २ सप्टेंबरनंतर एकदम १४ सप्टेंबर धरला. त्या घोळात कोण शिरणार? १९७० पासून सेकंद मोजणाऱ्या जुन्या यंत्रणांचा आकडा १९ जानेवारी २०३८ रोजी, आपल्याकडे सकाळी पावणेनऊच्या सुमारास, भरून जाईल. सांगायचे ते एवढेच, की ही हद्द निसर्गाने घातलेली नाही, कोणा माणसाने बसून ठरवलेली आहे.

पोरांनी मग वर्ष, महिना, दिवस असे तीन वेगळे रकाने केले आणि नुसत्या वर्षांची वजाबाकी केली. जमले.

पण आमच्या डोक्यातून ते १९०० जाईना, कारण ते आम्ही आधी पाहिले होते. शेजारच्या चाळीतील एका आजींचा श्रावणबाळ योजनेचा अर्ज एका कचेरीत महिनोन्‌महिने पडून होता. अट ६५ वर्षांची. आम्ही चौकशीला गेलो तर यादीत जन्मतारीख ०१-०१-१९०० आणि शेरा, "वय तपासावे." सव्वाशेच्या घरातील बाई पेन्शन मागते, म्हणून बाजूला! आजींच्या आधार कार्डावर नुसती साल आहे, १९५६. "बाबासाहेब गेले तेव्हा मी पाळण्यात होते, असं आई सांगायची," एवढाच त्यांचा दाखला. भरणाऱ्याने तारीख मोकळी सोडली आणि मशिनने मोकळ्या जागी आपला पहिला दिवस टाकून दिला.

आपल्या कित्येकांच्या दाखल्यावर गुरुजींनी १ जून टाकलेला आहे. तोही भरतीचाच, पण त्यात साल तरी अंदाजाने धरलेली असे.

आपली पोरे आता प्रोग्रॅमिंग शिकतात, त्यांच्यासाठी लिहितो. ३१ जून कॅलेंडरात आहे का, हे तपासणे सोपे. त्यापुढे, जन्मतारीख उद्याची नाही ना, वय सव्वाशे निघत नाही ना, हेही विचारा, आणि तसे निघाले तर ते अर्ज भरतानाच, माणूस समोर असताना सांगा. ज्याला दिवस ठाऊक नाही त्याच्यासाठी नुसती साल घेणारी जागा ठेवा. मोकळे ते मोकळेच राहू द्या.

आजींना घेऊन आम्ही तीन खेपा घातल्या. दुरुस्ती झाली, अर्ज पुढे गेला. पहिला हप्ता अजून यायचा आहे. आजी रोज पासबुक पिशवीत घालून ठेवतात.