तयारीचा सामना आपल्याहून तगड्या संघाशी हवा



१९ मार्च २०२५ रोजी शिलाँगमध्ये भारतीय फुटबॉल संघाने मालदीवला ३-० असे हरवले, तेव्हा देशभर फुटबॉलप्रेमींना हायसे वाटले. निवृत्तीतून परतलेल्या सुनील छेत्रीने गोल केला. त्याआधीचे दोन गोल मुंबईच्या राहुल भेकेने आणि गोव्याच्या लिस्टन कोलासोने कॉर्नरवर डोक्याने मारले. २०२४ हे अख्खे वर्ष एकाही विजयाविना गेले होते, त्यामुळे झालेला आनंद रास्तच होता. पण सहा दिवसांनी त्याच मैदानावर आशिया चषक पात्रता फेरीत बांगलादेशाशी गाठ पडली. पहिल्याच मिनिटाला आपल्या गोलरक्षकाच्या चुकीतून त्यांना संधी मिळाली. ते गोल करू शकले नाहीत हे आपले नशीब. सामना ०-० सुटला आणि प्रशिक्षक मानोलो मार्केझ यांनी आपला संताप लपवला नाही.

मालदीवविरुद्धच्या विजयाने आपल्याला काय सांगितले? काहीच नाही. प्रतिस्पर्ध्याने दबाव टाकला की आपली बचावफळी चेंडू पुढे कसा नेते, मधली फळी किती वेळ चेंडू राखते, हे त्या दिवशी तपासलेच गेले नाही, कारण तपासू शकेल असा संघच समोर नव्हता. मोठ्या स्पर्धेआधी किंवा पात्रता फेरीआधी भारताने आपल्याहून वरच्या संघांशीच खेळावे आणि त्यातले पराभव फुटबॉल महासंघाने, वृत्तपत्रांनी आणि आम्ही प्रेक्षकांनी निमूट पचवावेत, ही मागणी मी या पत्रातून करतो आहे.

असे एकदा झाले होते, आणि त्याचे फळही मिळाले होते. २०१९च्या आशिया चषकाआधी तेव्हाचे प्रशिक्षक स्टीफन कॉन्स्टंटाइन यांच्या संघाचे शेवटचे तीन मैत्रीपूर्ण सामने आठवा. ऑक्टोबर २०१८ मध्ये चीनच्या सुझोऊ शहरात ०-० बरोबरी. गोलरक्षक गुरप्रीतसिंग संधू आणि कर्णधारपद सांभाळणारा संदेश झिंगन यांनी त्या दिवशी किल्ला लढवला. नोव्हेंबरमध्ये जॉर्डनमध्ये १-२ पराभव. त्या सामन्यातला पहिला गोल मी अजून विसरलेलो नाही. जॉर्डनचा गोलरक्षक आमेर शफी याने स्वतःच्या पेनल्टी क्षेत्रातून चेंडू उंच मारला, तो आपल्या गोलसमोर टप्पा पडून पुढे आलेल्या गुरप्रीतच्या डोक्यावरून थेट जाळ्यात गेला. छेत्री दुखापतीमुळे नव्हता, आणि कुवेतमधल्या पुरामुळे काही खेळाडू विमानतळावरच अडकून पडले होते. तरीही उत्तरार्धात पदार्पण करणाऱ्या निशू कुमारने गोल केला. डिसेंबरअखेर अबुधाबीत ओमानशी पुन्हा ०-०.

तीन सामने, एकही विजय नाही. आजच्या मोजमापाने ही तयारी नापासच ठरली असती. आणि ६ जानेवारी २०१९ रोजी याच संघाने थायलंडला ४-१ असे लोळवले. आशिया चषकाच्या मुख्य स्पर्धेत भारताचा १९६४ नंतरचा तो पहिला विजय होता. उत्तरार्धात आपली मुले ज्या बेधडकपणे धावत होती, त्यामागे चीन आणि ओमानसमोर नव्वद मिनिटे तग धरल्याचा विश्वास होता, असे माझे ठाम मत आहे. पुढे अमिराती आणि बहरीनकडून हरून आपण गटातच बाद झालो हे खरे. पण बहरीनने आपल्याला हरवले ते भरपाई वेळेतल्या पेनल्टीवर. बाद फेरी तेवढीच दूर राहिली होती.

यावर एक हरकत हमखास घेतली जाते. वरच्या संघांकडून हरलो तर जागतिक क्रमवारी घसरेल, क्रमवारी घसरली की सोडतीत खालच्या गटवारीत जावे लागेल. ही भीती आकड्यांवर घासून पाहू. फिफाने २०१८ मध्ये गुणपद्धत बदलली. फिफाने ठरवून दिलेल्या काळातल्या मैत्रीपूर्ण सामन्याला आता १० इतकेच वजन आहे, त्या काळाबाहेरच्या सामन्याला तर ५. पात्रता सामन्याला मात्र २५. आपल्याहून दोनशे गुणांनी वर असलेल्या संघाकडून मैत्रीपूर्ण सामना हरलो तर सूत्राप्रमाणे जातात साधारण तीन गुण. बरोबरी साधली तर जवळजवळ दोन गुण मिळतात. उलट, दोनशे गुणांनी खालच्या संघाला हरवून मिळतात तीनच गुण, आणि त्याच तोलाच्या संघाकडून पात्रता सामन्यात हरलो तर जातात सतरा. म्हणजे सोप्या सामन्यांतून गोळा केलेली चिल्लर एका खऱ्या सामन्यात उधळली जाते.

सोडतीचेही तेच. २०२७च्या आशिया चषक पात्रतेच्या अंतिम फेरीसाठी भारत पहिल्या गटवारीत होता. जो सन्मान राखण्यासाठी क्रमवारी जपायची म्हणतात, तो आपल्याला मिळाला होता. गटात हाँगकाँग, सिंगापूर आणि बांगलादेश, म्हणजे याहून सोयीचा गट मागूनही मिळाला नसता. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी गोव्यात फातोर्ड्याच्या मैदानावर लालियानझुआला छांगतेने सुरुवातीलाच गोल करूनही आपण सिंगापूरकडून १-२ हरलो आणि स्पर्धेबाहेर पडलो. सौदी अरेबियातल्या स्पर्धेत आपल्या गटातून सिंगापूर जाणार आहे. क्रमवारीने आपल्याला चांगल्या दारापर्यंत नेले, पण आत शिरण्याचे बळ तिच्यातून आले नाही.

दुसरी हरकत अधिक गंभीर आहे, आणि ती मला माझ्याच डोळ्यांनी पाहिलेल्या सामन्यांवरून मान्य करावी लागते. ऑक्टोबर २०१० मध्ये, बॉब हाउटन प्रशिक्षक असताना, आम्ही काही मित्र कोल्हापूरहून पुण्याला बालेवाडीत गेलो होतो. व्हिएतनामला आपण ३-१ हरवले, तिन्ही गोल छेत्रीचे. पाच दिवसांनी त्याच मैदानावर येमेनने आपल्याला सहा गोल मारले. आपले तीन. येमेनचा खेळाडू चेंडू घेऊन वळला की आपले दोन्ही मध्यरक्षक एकाच वेळी त्याच्याकडे धावत आणि मागे मोकळे रान सुटे. पुढच्या महिन्यात कुवेतने ९-१ असा निकाल लावला. दोहाच्या आशिया चषकात तीन सामन्यांत आपण तेरा गोल खाल्ले. मग तगड्या संघांशी खेळून काय मिळवले, असे कुणी विचारले तर ते गैर नाही.

माझे उत्तर असे की बालेवाडीत दिसलेला दोष खरा होता, त्यावर इलाज करायला मात्र वेळ उरला नव्हता. असा सामना स्पर्धेच्या तीन महिने आधी नव्हे, दीड-दोन वर्षे आधीपासून आणि वारंवार हवा. प्रतिस्पर्धीही मापातला हवा. आमच्याकडे तालमीत वस्ताद पोराला त्याच्याहून जड जोडीदार देतो, पण बरगडी मोडेल इतका जड देत नाही. एक-दोन पायऱ्या वरचे संघ, म्हणजे ओमान, जॉर्डन, ताजिकिस्तान, थायलंड. २०२५च्या काफा नेशन्स कपमध्ये प्रशिक्षक खालिद जमील यांच्या संघाने ताजिकिस्तानला हरवले आणि ओमानला पेनल्टी शूटआउटमध्ये नमवून तिसरा क्रमांक मिळवला, तेव्हा हे मुळीच अशक्य नाही हे दिसले.

तयारीला वेळच मिळाला नाही त्या जानेवारी २०२४च्या कतारमधल्या आशिया चषकाबद्दल फार लिहीत नाही. लीग डिसेंबरअखेरपर्यंत चालली, संघाला हाताशी जेमतेम दोन आठवडे मिळाले. तीन पराभव, सहा गोल खाल्ले, एकही केला नाही. क्लबांनी खेळाडू वेळेवर सोडल्याशिवाय कुठलाही प्रशिक्षक काही करू शकणार नाही.

आणि हे तयारीचे सामने आम्हाला पाहू द्या. अबुधाबीतला ओमानचा सामना बंद दाराआड झाला. डावपेच लपवायचे असतील हे समजते, पण आमच्या हाती फक्त आकडा आला. जून २०१८ मध्ये अंधेरीच्या मैदानावर चायनीज तैपेईविरुद्धच्या ५-० विजयाला जेमतेम अडीच हजार प्रेक्षक होते. छेत्रीने हात जोडून लोकांना बोलावले आणि तीनच दिवसांनी केनियाविरुद्ध, त्याच्या शंभराव्या सामन्याला, भर पावसात मैदान भरले. लोक येतात. आमच्या शाहू स्टेडियमवर पेठांच्या संघांसाठी उन्हातान्हात बसणारा प्रेक्षक मुंबईला, पुण्याला, फातोर्ड्याला जायला एका पायावर तयार आहे.

तेव्हा महासंघाने फिफाने ठरवून दिलेल्या पुढच्या काळात जॉर्डनला किंवा ओमानला बोलवावे, अंधेरीत किंवा बालेवाडीत खेळवावे, आणि सामना उघड्या दाराने, थेट प्रक्षेपणासह व्हावा. ०-२ हरलो तरी आम्ही पुढच्या सामन्याचे तिकीट काढू.

— एक फुटबॉलप्रेमी, शिवाजी पेठ, कोल्हापूर