सहा हजार कोटींच्या ग्रंथालयाची किल्ली तालुक्याला कधी?

मंडळी, पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा.

गेला आठवडाभर आपल्या सांगोल्यातल्या तीन-चार व्हॉट्सॲप ग्रुपांवर जलयुक्त शिवारवरून जे चाललंय ते बहुतेकांनी पाहिलं असेल. एक गट म्हणतो, जलयुक्तमुळेच डाळिंबाच्या बागा जगल्या. दुसरा म्हणतो, पाणी नाही मुरलं, पैसा मुरला. मेसेज शेकड्यांनी, आणि त्यात पुराव्याचा कागद एकही नाही. एकाने भरलेल्या नाल्याचा फोटो टाकला, दुसऱ्याने कोरड्या बंधाऱ्याचा. दोन्ही कुठले, कोणत्या साली काढलेले, देव जाणे.

यावर शहाणी माणसं लगेच म्हणतात, लोकांना वाचायलाच नको असतं. मला हे मान्य नाही. वाचायचं ठरवलं तर वाचायला काय मिळतं, हा प्रश्न आधी विचारा.

जलयुक्तचंच घ्या. योजना डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झाली. सप्टेंबर २०२० मध्ये कॅगचा अहवाल विधिमंडळात आला. ९,६३३ कोटींहून जास्त खर्च होऊनही भूजल पातळी वाढवण्यात फारसं यश आलं नाही, असं त्यात म्हटलंय. हा अहवाल कॅगच्या वेबसाइटवर फुकट आहे. विरोधी गट खूश होईल. पण पुढे वाचा. तपासणी सहा जिल्ह्यांतल्या १२० गावांची होती (आपला सोलापूर त्यात आहे), आणि कामं झाली २२ हजारांहून जास्त गावांत. म्हणजे समर्थकांनाही धरायला जागा आहे. मग खरं काय? ते ठरतं विहिरींच्या मोजणीवरून, पावसाचा हिशोब वजा करून, किती बोअर नव्याने पडल्या ते धरून. पाऊस चांगला झाला की विहीर भरते, श्रेय बंधाऱ्याला जातं. हे वेगळं करून दाखवणं हे संशोधकाचं काम, आणि पाणलोट कामांवर असं संशोधन गेली कित्येक वर्षं होतंय.

ते छापून येतं जर्नलमध्ये. जर्नल असतात ऑनलाइन डेटाबेसमध्ये. आणि तिथे कुलूप. नाव दिसतं, आठ-दहा ओळींचा गोषवारा दिसतो, पुढे गेलं की तीस-चाळीस डॉलर मागतात. एका लेखाचे अडीच-तीन हजार रुपये! आपल्या जमिनीखालच्या पाण्यावर, बऱ्याचदा आपल्याच करातून पगार घेणाऱ्या प्राध्यापकाने लिहिलेला लेख, आणि तो वाचायला आपण परत पैसे मोजायचे. मागच्या दाराने वाचणारे साय-हबवरून वाचत होते. ते दारही दिल्ली उच्च न्यायालयाच्या आदेशाने ऑगस्ट २०२५ मध्ये बंद झालं. कायद्याच्या दृष्टीने ठीक असेल, पण पुढचं दार उघडलं कुठे?

आता मूळ मुद्दा. २५ नोव्हेंबर २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना मंजूर केली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी. एल्सेव्हिअर, स्प्रिंगर नेचर, वायली धरून ३० प्रकाशक, सुमारे १३ हजार जर्नल. केंद्र आणि राज्य सरकारच्या ६,३०० हून जास्त संस्था, त्यातले १ कोटी ८० लाखांच्या आसपास विद्यार्थी, अध्यापक, संशोधक. योजना चांगली आहे, हे मी सरळ सांगतो. पण ६,००० कोटी कोणाचे? कांदा विकणाऱ्याचेही आहेत, बोअर मारणाऱ्याचेही. आणि योजना सुरू झाली तेव्हा त्या माणसासाठी त्यात एक खुर्चीही नव्हती. सार्वजनिक वाचनालयांतून सर्व नागरिकांना प्रवेश, हे ठेवलंय तिसऱ्या टप्प्यात. आधी सरकारी संस्था, मग खासगी महाविद्यालयं, आणि आपण पंगतीच्या शेवटी!

मी म्हणतो क्रम उलटा करा. विद्यापीठातल्या माणसाला कुठून ना कुठून लेख मिळतो. मित्राला मेल करतो, गाइडला सांगतो. ग्रामपंचायत सदस्याला, तालुक्याच्या पत्रकाराला, स्पर्धा परीक्षेच्या पोरांना कोण देणार?

एका ओळखीच्या सरांनी फोनवर विचारलं, "अहो, वाचनालयात इंग्रजी जर्नल वाचणार कोण?" सर, मला सगळ्या गावाने वाचायला नकोय. वर्षात दोघांनी वाचून ग्रामसभेत उभं राहून मराठीत सांगितलं तरी पुरे. कायद्याची पुस्तकंही सगळं गाव वाचत नाही, म्हणून वकिलांपुरतीच ठेवायची का? आणि इंग्रजीचंच म्हणाल, तर जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात मी पाहिलं, एम.ए.च्या पोरांना आपल्याला लॉगिन आहे हेच कुणी सांगितलं नव्हतं. तिथे कुणी विचारत नाही की वाचणार कोण.

प्रकाशक तयार होणार नाहीत, हीही पळवाट. ब्रिटनमध्ये २०१४ साली नेमकी अशीच सोय सुरू झाली. सार्वजनिक वाचनालयात जायचं, तिथल्या संगणकावर बसून हजारो जर्नलमधले लेख फुकट वाचायचे. घरी लॉगिन नाही, फक्त त्या खुर्चीवर. प्रकाशकांचं दिवाळं निघालं नाही. महाराष्ट्रात १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे, हजारो अनुदानित वाचनालयं आहेत. सुरुवातीला जिल्हा आणि तालुका 'अ' वर्ग धरा. एक संगणक, बरं इंटरनेट आणि शोधायला शिकवणारा एक ग्रंथपाल. अर्थात ग्रंथपालांचा पगार बघता हे म्हणायलाही लाज वाटते, पण तो वेगळ्या पोस्टचा विषय.

तोपर्यंत जे उघडं आहे ते तरी वापरा. कॅगचे अहवाल आहेत. भूजल सर्वेक्षण यंत्रणा वर्षातून चार वेळा निरीक्षण विहिरी मोजते, तिचे अहवाल बघा. 'शोधगंगा'वर देशभरातले पीएचडी प्रबंध फुकट आहेत, सोलापूरच्या पाण्यावर शोधा. पुण्याच्या गोखले संस्थेच्या ग्रंथालयाने जुने दुर्मीळ अहवाल स्कॅन करून ठेवलेत, दुष्काळाचे जुने कागद तिथे शोधा. जेस्टोरवर नुसतं खातं उघडलं तरी महिन्याला शंभर लेख ऑनलाइन वाचता येतात. शोधताना नुसतं गावाचं नाव टाकू नका, काही हाती लागत नाही. नदीचं नाव, जिल्हा, विषय असं इंग्रजीत दोन-तीन स्पेलिंगने टाका, साल ठरवून द्या. आणि गोषवारा वाचून थांबू नका. लेखकाने किती विहिरी मोजल्या, किती वर्षं मोजल्या, ते आतच असतं.

मी वाचनालयाच्या कार्यकारिणीवर आहे. येत्या सर्वसाधारण सभेत ठराव मांडतोय: तिसरा टप्पा आधी सुरू करावा आणि त्यात तालुका वाचनालयं घ्यावीत, अशी मागणी केंद्रीय शिक्षण मंत्रालयाकडे आणि आपल्या खासदारांकडे. सभासद असाल तर सहीला या. जलयुक्तवाले दोन्ही गट आले तर जास्त बरं.