पहिल्या दिवसाचं दूध पिळून टाकू नका

बाळाची इम्युनिटी वाढवण्यासाठी काय द्यायचं, असं आई-आजी नेहमी विचारतात. यातली सर्वांत मोलाची गोष्ट बाळंतपणानंतर पहिल्या दोन-तीन दिवसांत आपोआप मिळते, आणि अनेक घरांत ती टाकून दिली जाते. ती म्हणजे आईचा चीक, पहिलं घट्ट पिवळसर दूध.

त्यात असं काय असतं ते समजायला आधी आतड्याकडे पाहू. आपलं शरीर रोज ज्या अँटिबॉडी (प्रतिपिंडं) बनवतं, त्यातला सर्वांत मोठा वाटा आतड्याच्या ओल्या अस्तरावर पाझरतो. प्रौढ माणसात रोज काही ग्रॅम! या अँटिबॉडीचं नाव सिक्रेटरी आयजीए. अस्तराखालच्या पेशी ती तयार करतात. अस्तरातून बाहेर पडताना तिच्यावर एका प्रथिनाचं वेष्टण चढतं, त्यामुळे पाचकरसात ती सहजासहजी पचून जात नाही. तिची कामाची पद्धत मला फार आवडते. ती जंतूंशी मारामारी करत नाही. जंतू आणि त्यांची विषं यांना चिकटते, त्यांचा गोळा करते आणि आतड्याच्या भिंतीला हात लावू देत नाही. जंतू शौचावाटे बाहेर. ना सूज, ना ताप. घरात शिरलेल्या चोराशी झटापट करण्यापेक्षा दारातूनच परत पाठवलेला बरा, नाही का?

नवजात बाळाकडे हा पहारा जवळजवळ नसतोच. आईच्या रक्तातली आयजीजी नावाची अँटिबॉडी वारेतून बाळाला मिळते, पण आयजीए वार ओलांडत नाही. बाळाची स्वतःची आयजीए तयार व्हायला काही आठवडे लागतात आणि ती पुरेशी व्हायला आणखी कितीतरी काळ. ही मधली पोकळी आईचं दूध भरून काढतं. चिकात आयजीएचं प्रमाण नंतरच्या दुधापेक्षा कितीतरी जास्त असतं.

शिवाय आईच्या आतड्यात ज्या पेशी तिथल्या जंतूंना ओळखायला शिकतात, त्यांतल्या काही स्तनांत जाऊन बसतात. म्हणजे तुमच्या घरातल्या, तुमच्या पाण्यातल्या जंतूंविरुद्धच्या अँटिबॉडी दुधात उतरतात. कोणत्याही डब्यातल्या पावडरीला हे जमणार नाही. म्हणूनच आईला सर्दी किंवा जुलाब झाले की दूध तोडू नका. आईने हात स्वच्छ धुवावेत, सर्दी असेल तर मास्क लावावा आणि पाजत राहावं.

गाय व्यायली की आपण तिच्या चिकाचा खरवस आवडीने खातो. तो घट्ट होतो तोसुद्धा चिकातल्या भरपूर प्रथिनांमुळे, आणि त्यांत अँटिबॉडीही आल्या. पण आईचा चीक मात्र 'साचलेलं दूध', 'पचायला जड' म्हणून पिळून टाकायचा आणि बाळाला मध, गुळाचं पाणी, बाळगुटी चाटवायची. वर्षाच्या आतल्या बाळाला मध तर देऊच नये. त्यातून बोट्युलिझम हा क्वचित होणारा पण गंभीर आजार होऊ शकतो.

दोष फक्त आजीवर ढकलू नका. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) देशातल्या जेमतेम 41.8 टक्के बाळांना जन्मानंतर तासाभरात स्तनपान मिळाल्याचं दिसलं. आज बहुतेक बाळंतपणं दवाखान्यात होतात. मग उरलेल्यांचा जाब आम्हा डॉक्टरांनाही द्यायला हवा, असं माझं स्पष्ट मत आहे. सिझेरियन झालं की बाळ एका खोलीत, आई दुसऱ्या खोलीत आणि हातात पावडरीचा डबा, हे सोयीचं असेल, पण बहुतेक वेळा गरजेचं नसतं. आई शुद्धीवर असेल तर नातेवाइकाच्या किंवा नर्सच्या मदतीने तिला आडवं राहूनही पाजता येतं.

'दूधच येत नाही' ही भीतीही बहुधा फसवी असते. पहिल्या दिवशी बाळाला एका वेळी चमचा-दोन चमचे पुरतात, आणि चीक तेवढाच येतो. बाळाला ओढता येत नसेल तर हाताने पिळून वाटी-चमच्याने द्या. काही बाळांना वैद्यकीय कारणाने वरचं दूध द्यावं लागतं. तीही छान वाढतात, त्यांच्या आयांनी अपराधी वाटून घेऊ नये.

नववा महिना लागला की दवाखान्यात दोन प्रश्न आधीच विचारून ठेवा: बाळाला तासाभरात अंगावर घ्यायला देणार का? आणि सिझेरियन झालं तर पाजायला मदत कोण करणार? ही चौकशी करताना सासूबाईंनाही बरोबर न्या.