देशोदेशींच्या वाटा : बुसानचे जुने बाजार

कोरियाचें नांव काढलें म्हणजे घरांतील मुलींस तेथील नाटकमाला आठवतात आणि मुलग्यांस मोटारी. त्या देशांत सेऊलच्या खालोखाल मोठें शहर म्हणजे बुसान. वस्ती सुमारें ३२ लाख, बंदर जगांतील अत्यंत गजबजलेल्या बंदरांपैकीं एक, आणि नांवाचा अर्थ मात्र अगदीं स्वयंपाकघरांतला, ‘हंड्याचा डोंगर’. आमचे जामात तेथें जहाजांच्या एका कंपनींत नोकरीस असल्यामुळें गेल्या शरदृतूंत आम्हां उभयतांस तेथें पांच आठवडे राहण्याचा योग आला. हेउनदे नांवाच्या किनाऱ्यावर शंभराहून अधिक मजल्यांची एक इमारत आहे, ती सर्वजण दाखवितात, आम्हींहि पाहिली. त्याहून अधिक तिच्याविषयीं लिहिण्यासारखें कांहीं नाहीं.

संस्कृतावर पोट भरलेल्या मनुष्याचे पाय प्रथम देवळाकडे वळले यांत नवल तें काय? भुयारी आगगाडीच्या पहिल्या मार्गावर बॉमोसा नांवाचें स्थानक आहे. तेथून मोटारनें डोंगर चढलें कीं त्याच नांवाचा बौद्ध विहार लागतो. उईसांग नांवाच्या भिक्षूनें इ. स. ६७८ मध्यें तो स्थापिला अशी परंपरा आहे. नांवांतील ‘बॉम’ म्हणजे आपलें ‘ब्रह्म’ होय! शब्द चिनी लिपींत शिरला, तेथें त्याचें शेपूट तुटलें, आणि कोरियांत पोहोंचेपर्यंत त्याचें हें रूप झालें. पुढील अक्षराचा अर्थ मासा. डोंगरमाथ्यावरील एका खडकांत पाण्याचें कुंड आहे. त्यांत ब्रह्मलोकींचा सोनेरी मासा येऊन खेळे, म्हणून हा ब्रह्ममत्स्याचा विहार. १५९२ च्या जपानी स्वारींत तो जळाला व १६१३ सालीं पुन्हां उभा राहिला. तेथील भिक्षूंच्या अन्नांत कांदा-लसूण वर्ज्य असतो हें समजल्यावर आमच्या कुटुंबाची त्या धर्माविषयींची आदरबुद्धि एकाएकीं वाढली.

परंतु आमचें मन गुंतलें तें देवळांत नव्हे. जुन्या शहरांतील बाजारांत. ते कां, हें कळण्यास थोडा इतिहास ठाऊक असावा लागतो. १५ ऑगस्ट १९४५ रोजीं कोरिया जपानच्या अमलांतून सुटला. तारीख आपलीच, वर्षें तेवढीं दोन आधीं. पाठोपाठ देशाचे दोन तुकडे झाले, आणि २५ जून १९५० रोजीं उत्तरेचें सैन्य दक्षिणेंत घुसलें. तीन दिवसांत सेऊल पडलें. सरकार मागें हटत हटत बुसानला आलें, आणि जुलै १९५३ मध्यें शस्त्रसंधि होईपर्यंत बहुतेक काळ हेंच राजधानीचें शहर होतें. दक्षिण टोंकावरचें हें बंदर शत्रूच्या हातीं कधींच गेलें नाहीं. म्हणून लाखों निर्वासित तेथें लोटले. आपल्या देशाचें ६० क्रमांकाचें छत्रीधारी रुग्णसेवापथक लेफ्टनंट कर्नल रंगराज यांच्या हाताखालीं नोव्हेंबर १९५० मध्यें याच बंदरांत उतरलें, आणि १९५३ सालीं युद्धबंद्यांच्या देखरेखीसाठीं कोरियांत गेलेल्या भारतीय दलाचे सेनापति आपले कोल्हापूरकडचे शंकरराव थोरात होते, एवढें वाचकांनीं ध्यानांत असूं द्यावें.

त्या काळच्या बुसानचा जो अवशेष आम्हांस सर्वांत प्रिय झाला तो म्हणजे बोसु-दोंग येथील पुस्तकांची गल्ली. दोन माणसें समोरासमोर आलीं तर एकानें अंग चोरावें इतकी ती अरुंद. दोहों बाजूंस छतापर्यंत जुनीं पुस्तकें. उत्तरेकडून पळून आलेल्या एका जोडप्यानें युद्धकाळांत येथें उघड्यावर, अमेरिकन छावणींतून टाकून दिलेलीं मासिकें व जुनींपुराणीं पुस्तकें मांडलीं, असा या पेठेचा आरंभ सांगतात. मागच्या डोंगरउतारावर निर्वासित शाळांचे वर्ग तंबूंत भरत, आणि विद्यार्थ्यांचा जाण्यायेण्याचा रस्ता हाच. नवीं पुस्तकें दुर्मिळ झालेलीं. मग विद्वानानें आपला ग्रंथ विकावा, त्या पैशांचे तांदूळ घ्यावे, आणि तोच ग्रंथ संध्याकाळीं एखाद्या मुलानें घेऊन जावा, असा व्यवहार तेथें चाले. वरच्या मोर्चावर तोफा चालू, घरदार सुटलेलें, आणि मुलें मात्र शाळेंत! पस्तीस वर्षें हातांत खडू धरलेल्या आमच्यासारख्यास त्या गल्लींत शिरतांना जोडे बाहेर काढावेत असें वाटलें.

दुकानांवरील पाट्या आम्ही चार दिवसांत अक्षरें लावून वाचूं लागलों, याचें श्रेय आमच्या बुद्धीस नसून त्या लिपीस आहे. सेजोंग राजानें ती १४४३ मध्यें सिद्ध केली व १४४६ मध्यें प्रजेस दिली. कंठ्य, दंत्य, ओष्ठ्य असे वर्ग तींत आपल्याप्रमाणेंच स्वच्छ पाडलेले असून, अक्षराची आकृति जीभ, ओंठ वा कंठ यांच्या ठेवणीवरून घेतलेली आहे. चिनी ध्वनिविचाराच्या मार्गानें आपल्या शिक्षाशास्त्राचा कांहीं अंश तेथें पोहोंचला असावा, असें कित्येक पंडित मानतात. ‘छेक’ म्हणजे पुस्तक, हा आम्हीं पाटीवरून वाचलेला पहिला शब्द.

एका दुकानांत आम्हीं प्राथमिक शाळेचें एक जुनें वाचनपुस्तक निवडलें. आमचा व्यवसाय काय, असें त्या वृद्ध दुकानदारानें आमच्या मुलीस विचारलें. तिनें सांगतांच तो उठून उभा राहिला व ‘सॉन्सेंगनिम’ असें म्हणून लवला. या शब्दाचा रूढ अर्थ गुरुजी. मूळ अर्थ ‘आधीं जन्मलेला’. किंमत मात्र त्यानें एका वॉननेंहि कमी केली नाहीं, आणि तें आम्हांस योग्यच वाटलें. या गल्लींतील पुष्कळ दुकानें अलीकडे उठलीं, कांहींच्या जागीं कॉफीगृहें आलीं. पाहुणे येतात, पुस्तकांच्या भिंतीपुढें उभे राहून छायाचित्रें काढतात आणि रिकाम्या हातांनीं जातात. दुकानदार कांहीं बोलत नाहीं.

गल्लीच्या तोंडाशींच रस्ता ओलांडला कीं गुक्जे बाजार, म्हणजे ‘आंतरराष्ट्रीय बाजार’. नांव भव्य, मूळ साधें. १९४५ नंतर मायदेशीं परतणाऱ्या जपान्यांनीं विकलेलें घरसामान येथें मांडलें गेलें, पुढें अमेरिकन लष्करी डबे व कांबळीं आलीं. या बाजाराच्या नांवाचा एक बोलपट २०१४ सालीं निघाला, तेव्हांपासून गर्दी वाढली. आज तेथें सुईपासून चष्म्यापर्यंत सर्व मिळतें. शाकाहारी मनुष्यानें शेजारच्या गाड्यांवर ‘होत्तोक’ मागावें: पिठाची जाड चानकी तव्यावर तळून, चिरून, आंत साखर व सूर्यफूल-भोपळ्याच्या बिया भरतात. आमच्या कुटुंबानें तिला गूळपोळीची चुलतबहीण ठरविली आहे. ‘मिलम्यन’ नांवाच्या शेवया मात्र आम्हांस वर्ज्य, कारण त्यांचा रस्सा मांसाचा. उत्तरेकडचे लोक आपल्या थंड शेवयांत कुट्टूचें पीठ वापरीत. बुसानमध्यें तें मिळेना, अमेरिकेच्या मदतीचा गहूं मात्र मिळे, म्हणून त्यांनीं गव्हाच्या शेवया केल्या. आतां तोच त्या शहराचा खास पदार्थ.

येथून थोड्या अंतरावर डोंगर चढूं लागलें म्हणजे अमि-दोंग येतें. जपानी अमलांत तेथें जपान्यांचें दफनस्थान होतें. जपानी गेले, थडगीं राहिलीं. मग निर्वासित आले. डोंगराळ जागेंत घडीव, चौकोनी, सपाट दगड आयते मिळाल्यावर त्यांनीं त्यांचाच पाया केला, त्यांच्याच पायऱ्या केल्या व वर घरें बांधलीं. आजहि एखाद्या घराच्या जोत्यांत मृताचें नांव कोरलेली शिळा दिसते. ज्यांच्या राज्यानें आपल्यास गांजलें त्यांच्या मृतांच्या माथ्यावर चूल मांडणें! पण त्याच घरांतून सणासुदीच्या दिवशीं त्या अनोळखी मृतांसाठीं भात व पाणी ठेवण्याची चाल पडली, असें सांगतात. पितृपक्षांत ज्ञाताज्ञात सर्वांस उदक सोडणाऱ्या आमच्यासारख्यास यांतील भाव कोणी समजावून द्यावा लागला नाहीं. एका जोत्याच्या शिळेवर कोणी लाल मिरच्या वाळत घातल्या होत्या. आमच्या नातवानें छायाचित्रासाठीं यंत्र वर केलें. आम्हीं त्याचा हात खालीं घेतला.

पलीकडच्या उतारावर गामछॉन. मागच्या घराचा उजेड व दृष्टि पुढच्यानें अडवूं नये, अशा बेतानें तेथें घरें पायरीपायरीनें रचलेलीं आहेत. २००९ पासून चित्रकारांनीं तीं रंगविलीं आणि आतां तेथें जत्रा लोटते. हळू बोला, येथें माणसें राहतात, अशा अर्थाच्या पाट्या लावाव्या लागल्या आहेत. बाजारांत जाणारा गिऱ्हाईक असतो. त्याच्या येण्यानें कोणाची तरी चूल पेटते. दुसऱ्याच्या खिडकींत डोकावणारा कोण असतो? वस्तीस त्यापासून प्राप्ति होते हें खरें. तरी आम्ही तेथें दुसऱ्यांदा गेलों नाहीं.

खालीं समुद्राकांठीं जागाल्छी हा मासळीबाजार. नाकाला पदर लावून आमचें कुटुंब दारांतूनच परतलें. युद्धानंतर कर्त्या पुरुषांवांचून उरलेल्या पुष्कळ बायकांनीं येथें पाटीभर मासळी घेऊन बसून मुलें वाढविलीं. त्यांच्या धंद्यांतील वारसदारिणी अजून मोठ्या आवाजानें गिऱ्हाइकास हांक मारतात.

बाजाराच्या टोंकास येऑन्दो पूल आहे. १९३४ सालीं बांधलेला, जहाजांसाठीं एक अंग उचलणारा, कोरियांतील त्या जातीचा पहिला. पळतांना ताटातूट झालीच तर बुसानच्या या पुलावर भेटूं, असें हजारों कुटुंबांनीं एकमेकांस सांगितलें होतें. कारण बुसानमधील दुसऱ्या जागेचें नांवच त्यांस ठाऊक नव्हतें. लोक येत, कठड्यावर नांवांचे कागद चिकटवीत व वाट पाहत. वाट पाहणारे आले म्हणून पुलाखालीं ज्योतिष्यांनीं दुकानें थाटलीं. माणूस जिवंत आहे काय, एवढाच प्रश्न. पुढें तीस वर्षांनीं, १९८३ सालीं, त्या देशाच्या दूरचित्रवाणीनें हरवलेल्या आप्तांचा शोध लावण्याचा कार्यक्रम चालविला. तो ४५३ तास चालला आणि दहा हजारांहून अधिक कुटुंबांची गांठ पडली. पुलाचें उचलणें १९६६ मध्यें थांबलें होतें, तें दुरुस्तीनंतर २०१३ पासून ठराविक वेळीं पुन्हां सुरू झालें. ज्योतिष्यांचीं तीं दुकानें मात्र आतां उठलीं आहेत.