मावशींना विचारलं का?

गेल्या महिन्यात ताईचा फोन आला. "तुझ्याकडे काम आहे. कॉम्प्युटरचं नाही, एक्सेलचं." आमच्या घरात मी 'कॉम्प्युटरवाला' असल्यामुळे प्रिंटरपासून गीझरपर्यंत जे जे बिघडतं ते माझ्याकडे येतं. या वेळचं काम मात्र वेगळं होतं.

ताई डेंटिस्ट आहे. कोथरूडला तिचा दोन खुर्च्यांचा छोटासा दवाखाना आहे. पगारावर आठ जण: दोन ज्युनियर डेंटिस्ट, तीन असिस्टंट, एक रिसेप्शनिस्ट, हिशेब बघणारे काका आणि सगळ्यांच्या आधी येऊन दवाखाना उघडणाऱ्या मावशी. गेल्या पावसाळ्यात मावशींनी 'गावी जायचंय' म्हणून तीन दिवस सुट्टी घेतली. दोन महिन्यांनी ताईच्या लक्षात आलं, की त्यांच्या हातातल्या पाटल्या दिसत नाहीत. खोदून विचारल्यावर कळलं की गाव वगैरे काही नव्हतं. मुलाचं अपेंडिक्स रात्रीत काढावं लागलं होतं, आणि हॉस्पिटलच्या काउंटरवर आधी डिपॉझिट मागितलं. पाटल्या गहाण पडल्या. "मॅडम, तुम्हाला कशाला त्रास," एवढंच त्या म्हणाल्या.

ताईला ते फार लागलं. सगळ्यांचा आरोग्य विमा काढायचा असं तिने ठरवलं आणि चार एजंटांकडून आलेली कोटेशनं मला पाठवून दिली.

मी शनिवारी सकाळी चहा घेऊन बसलो आणि झकास शीट बनवली. प्रीमियम, विम्याची रक्कम, नेटवर्कमधली हॉस्पिटलं, क्लेम सेटलमेंटची टक्केवारी. प्रत्येक कॉलमला वेटेज, शेवटी एकूण गुण, पहिल्या नंबरला हिरवा रंग. पहिली आलेली पॉलिसी सगळ्यात स्वस्त होती. फक्त कर्मचाऱ्याला दोन लाखांचं कव्हर. शीट ताईला पाठवली आणि कौतुकाची वाट बघत बसलो.

ताईचा एका ओळीचा मेसेज आला: "यात मावशींचा मुलगा कुठे बसतो?"

कुठेच नाही! ज्या प्रसंगामुळे हा सगळा खटाटोप सुरू झाला, तो प्रसंगच माझ्या पहिल्या नंबरच्या पॉलिसीत बसत नव्हता. रिक्वायरमेंट न विचारता कोड लिहिणाऱ्याला आम्ही ऑफिसात काय काय बोलतो, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मग आम्ही उलट्या बाजूने सुरुवात केली. ताईने प्रत्येकाला एकटं बोलावून तीनच गोष्टी विचारल्या. घरात कोण कोण आहे, वयं काय, आणि रात्री काही झालं तर तुम्ही कुठल्या हॉस्पिटलात जाता. आजार मुद्दाम विचारले नाहीत. मालकाने विचारल्यावर 'नाही' म्हणायची सोय नसते, आणि आठ जणांच्या जागेत काही लपून राहत नाही.

उत्तरं ऐकून माझ्या शीटचे निम्मे कॉलम बाद झाले. एका असिस्टंटचं नुकतंच लग्न झालंय, तिला बाळंतपणाचा खर्च यात धरतात का ते हवं होतं. काकांनी स्वतःहूनच सांगितलं की त्यांना बारा वर्षं मधुमेह आहे. मावशींच्या घरी दोन मुलं आणि ७४ वर्षांच्या सासूबाई. रात्री-अपरात्री सगळे जण जातात ते घराजवळच्या मध्यम हॉस्पिटलात. नेटवर्कमधली चकचकीत मोठी नावं त्यांच्या काही उपयोगाची नव्हती. एजंट सांगतो 'हजारो हॉस्पिटलं'. आपल्याला तीनच बघायची असतात, प्रत्येकाच्या घराजवळची.

मग बारीक टाइपातले कागद वाचायला घेतले. त्यातल्या तीन गोष्टी सांगण्यासारख्या आहेत.

पहिली, खोलीच्या भाड्याची मर्यादा. माझ्या लाडक्या स्वस्त पॉलिसीत ती विम्याच्या रकमेच्या १ टक्का होती. म्हणजे दोन लाखांवर दिवसाला २,००० रुपये. समजा खोली ४,००० ची मिळाली आणि पाच दिवस राहावं लागलं. आपल्याला वाटतं, वरचे १०,००० आपण भरू. तसं नसतं. खोलीचं भाडं ज्या प्रमाणात जास्त, त्याच प्रमाणात सर्जनची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग हेही कापलं जातं. ते ८०,००० झाले असतील तर ४०,००० तुमचे. औषधं आणि तपासण्यांना ही कात्री लागत नाही, तरीही एकूण ५०,००० खिशातून. पाटल्या पुन्हा गहाण!

दुसरी, वाट बघण्याचा काळ. एकट्याने काढलेल्या पॉलिसीत आधीपासून असलेल्या आजारासाठी कंपनी तीन वर्षांपर्यंत थांबवू शकते (२०२४ च्या आधी ही मर्यादा चार वर्षं होती). ग्रुप पॉलिसीत ही अट पहिल्या दिवसापासून काढून घेता येते. बाळंतपणाचंही तसंच. थोडे जास्त पैसे लागतात, पण मागावं लागतं. न मागता कोणी देत नाही. काकांच्या दृष्टीने अख्ख्या कोटेशनमधली हीच एक ओळ महत्त्वाची होती.

तिसरी, कर. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी शून्य झाला, पण ग्रुप पॉलिसीवर १८ टक्के तसाच राहिला. दवाखान्याची सेवा जीएसटीमुक्त, म्हणून त्याचं क्रेडिटही नाही. एक एजंट म्हणाला, "सगळ्यांना वेगवेगळ्या पॉलिस्या काढून द्या, १८ टक्के वाचतील." हिशेब बरोबर आहे. फक्त त्यात काका तीन वर्षं बाहेर राहतात, किंवा त्यांना पॉलिसी मिळतच नाही. विमा कंपन्या ग्रुपसाठी साधारण किमान सात माणसं मागतात. ताईकडे आठ होती, म्हणून निभावलं. आठवड्यातून दोनदा येणारे ऑर्थोडॉन्टिस्ट पगारावर नाहीत, त्यांना यात घेता येत नाही.

गंमत म्हणजे यातल्या एकाही पॉलिसीत दात नाहीत. अपघातात पडले तर ठीक, नाहीतर रूट कॅनाल वगैरे सगळं बाहेर. ताई म्हणाली, "बरंय, तेवढं मी बघते."

शेवटी काय घेतलं? नवरा-बायको आणि दोन मुलं मिळून तीन लाख, खोलीच्या भाड्याला मर्यादा नाही, जुने आजार पहिल्या दिवसापासून, बाळंतपण धरून. वर्षाचा प्रीमियम ताईच्या तीन-चार इम्प्लांटच्या बिलांएवढा आला. आईवडील, सासूसासरे यात बसवायला गेलं की आकडा भलताच वाढत होता. तिथे दुसरा रस्ता सापडला. २०२४ च्या ऑक्टोबरपासून ७० वर्षांवरच्या कोणालाही, उत्पन्न न बघता, आयुष्मान भारतमध्ये ५ लाखांपर्यंतचं कव्हर मिळतं. रिसेप्शनिस्टने अर्ध्या दिवसात मावशींच्या सासूबाईंची नोंदणी करून टाकली. बाकीच्यांची महात्मा फुले जन आरोग्य योजनेची कार्डंही काढून घेतली. त्यात ठरावीक उपचार आणि ठरावीक रुग्णालयंच असतात, पण मोठ्या आजारात तो मोठा आधार आहे.

आणखी दोन गोष्टी विम्याबाहेरच्या. कॅशलेसची परवानगी तासाभरात द्यायची असा नियम २०२४ मध्ये झाला आहे. पण काउंटरवरचा माणूस तो तासभर तुम्हाला नुसता बसू देईल याची खात्री नाही. म्हणून ताईने दवाखान्यात डिपॉझिटसाठी वेगळी रक्कम ठेवली आहे. कोणीही रात्री फोन करायचा, कारण नंतर सांगायचं. आणि सगळ्यांना हेपटायटिस बीच्या लसीचे तीन डोस. मावशी रोज ट्रे उचलतात, एखादी सुई टोचायला किती वेळ लागतो? हे खरं तर दवाखाना उघडला त्या वर्षीच व्हायला हवं होतं, हे ताईनेच कबूल केलं.

एका बाबतीत आमचं भांडण अजून मिटलेलं नाही. ईएसआय. दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तर सक्तीची. पण २१ नोव्हेंबर २०२५ ला नवी कामगार संहिता लागू झाल्यापासून, मालक आणि बहुसंख्य कर्मचारी राजी असतील तर छोट्या जागांनाही त्यात जाता येतं. पगाराची मर्यादा २०१७ साली ठरलेली, महिना २१,००० रुपये. बारा हजार पगारावर कर्मचाऱ्याचे ९० आणि मालकाचे ३९० रुपये. त्यात आश्रित आईवडीलही येतात आणि आजारपणाच्या रजेत पगाराचा मोठा भाग मिळतो, जो कुठलीच मेडिक्लेम देत नाही. मी म्हणतो, जाऊया. असिस्टंट म्हणतात, बिबवेवाडीच्या हॉस्पिटलात रांगेत कोण उभं राहणार. मी त्या रांगेत कधी उभा राहिलेलो नाही, त्यामुळे गप्प बसलो. पुढच्या वर्षी पुन्हा विचारायचं ठरलंय.

ताईचे एक डॉक्टर मित्र म्हणाले, "एवढं करून वर्षभरात माणूस सोडून जातो." जातो की. आपण नाही का जात? जॉइनिंगच्या दिवशी आपल्या हातात कार्ड येतं, ते आपण न वाचता पाकिटात टाकतो, आणि दीड वर्षात दुसऱ्या कंपनीचं कार्ड घेतो. आपल्याला कोणी 'याला विमा दिला तर हा टिकेल का' असं विचारत नाही. मावशींच्या बाबतीतच तो हिशेब का सुचावा?

असो. तुमच्याही घरात कोणाचा दवाखाना असेल, क्लास असेल, सीएचं छोटं ऑफिस असेल, आणि एक्सेलचं काम म्हणून तुमच्याकडे येईल. शीट जरूर बनवा. पण पहिल्या ओळीत तिथला सगळ्यात कमी पगाराचा माणूस लिहा आणि त्याच्या घरी रात्री अकरा वाजता काय होईल ते बघा. त्या ओळीत जी पॉलिसी नापास होते, तिचे बाकीचे गुण मोजू नका.

मावशींच्या पाटल्या अजून सुटायच्या आहेत. दोन हप्ते राहिलेत म्हणतात. ताईने भरते म्हटलं, तर त्यांनी साफ नकार दिला.