मूर्ती शोधायची तर तांदूळ नको, चाकोरी बघा



आमच्या भागातल्या नदीकाठच्या एका गावात देवळातली जुनी दगडी मूर्ती चोरीला गेली. पोलिसात फिर्याद द्यायच्या आधी गावानं देवरुषी आणला. त्यानं सुपात तांदूळ टाकले, डोळे मिटले आणि सांगितलं, चोर गावातलाच, नदीच्या अंगाला राहतो. नदीच्या अंगाला राहतो एक सालगडी. झालं! आता त्याच्याशी कुणी बोलत नाही, त्याला कुणी कामाला लावत नाही.

आता हिशोब करा. ती मूर्ती दीड-दोन क्विंटलची. सालगड्यानं खांद्यावर टाकून नेली का? देवळामागून डांबरी रस्त्यापर्यंत वाळूच्या ट्रॅक्टरची चाकोरी पडलीय. रात्रभर तिथं गाड्या चालतात. त्यात आणखी एक गाडी गेली तर कुत्रंसुद्धा भुंकणार नाही. आणि तलाठ्याकडं वाळूची तक्रार केली होती ती याच सालगड्यानं! देवरुषाच्या तांदळाला नेमका तोच कसा दिसला?

वाळूवालाच चोर, असं मी म्हणत नाही. ते शोधणं पोलिसांचं काम. पण रात्रीच्या गाड्यांकडं डोळेझाक करायची सवय लागली, तिनंच मूर्तीला वाट करून दिली.

कुणी म्हणेल, श्रद्धेत बोलू नका. देवाला मीही हात जोडतो. पण दिवेआगर आठवा. १९९७ साली सुपारीच्या वाडीत सोन्याचा गणपती सापडला. २४ मार्च २०१२ ला तो चोरीला गेला, दोन रखवालदारांचा जीव गेला. चोर धरले पोलिस तपासानं, पण तोवर मूर्ती वितळवलेली होती. अशा वेळी एकेक दिवस मोलाचा असतो, तो सुपात घालवू नका.

वाळूचंही तेच. नदीतली वाळू म्हणजे पाणी धरणारा थर. ती उपसली की पावसाचं पाणी थांबत नाही, पात्र खोल जातं आणि काठच्या विहिरींचं पाणी उलटं नदीकडं ओढलं जातं. मग काठ ढासळतो, ऊस वाळतो आणि आपण बोअरला पैसे घालतो. चोरी एकच नाही, दोन आहेत.

म्हणून सांगतो. गावातल्या प्रत्येक जुन्या मूर्तीचा, वीरगळाचा समोरून, बाजूनं फोटो काढा, उंची-रुंदी लिहून ठेवा. फोटो नसेल तर सापडलेली मूर्ती आपलीच, हे सिद्ध करणं अवघड. शंभर वर्षांपुढची मूर्ती परदेशात विकायला नेणं १९७२ च्या कायद्यानं गुन्हा आहे. नांगराला किंवा वाळूत काही जुनं लागलं तर कलेक्टर कचेरीला कळवा. चोरी झाली तर आधी चाकाच्या खुणांचा पंचनामा मागा. वाळूची तक्रार एकट्यादुकट्यानं न करता दहा जणांच्या सह्यांनी करा. बेकायदा उपशाला बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड आहे.

आणि त्या सालगड्याला उद्यापासून कामाला बोलवा. पुरावा नसताना माणूस वाळीत टाकणं, ही तिसरी चोरी.